पाठकोरा

मे संपत आला की मी कातळपाड्यात नोटिसा डकवतो.
भांडुपची टेकडी, एकशे चाळीस दारं,
खळीचा डबा, एक ब्रश,
आणि पोचपावतीची वही,
जिच्यावर कुणी सही करत नाही.

मजकूर मला पाठ आहे.
आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, दोन हजार पाच.
आपण दरडप्रवण क्षेत्रात राहत असल्याने
तात्काळ सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे,
अन्यथा होणाऱ्या जीवितहानीस आपण स्वतः जबाबदार राहाल.
सुरक्षित स्थळ कुठलं, ते छापलेलं नसतं.
एकदा विचारलं होतं मी.
साहेब म्हणाले, तळेकर, तुम्ही फक्त डकवा.

यंदा शेवंता डोळसच्या दाराशी
गेल्या वर्षीची नोटीस दिसली,
खिळ्याला टांगलेली, उलटी.
पाठीवर पट्टीने मारलेल्या रेघा, शाळकरी अक्षर:

घर ३. लोखंडे आजोबा. चालता येत नाही.
उचलणार इद्रिस आणि बाळ्या.
घर ९. मुन्नीलालची आई. ऐकू येत नाही.
दार वाजवत बसू नये, आत जाऊन हलवावं.
घर १४. सुगंधा, नववा महिना. माहेरी पाठवणे.
(हे खोडलेलं. बाजूला: माहेर पण टेकडीवरच.)
घर २२. रात्रपाळी, आत दोन पोरं, बाहेरून कुलूप.
दुसरी किल्ली शेवंताकडे.
आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित:
टीव्ही कुणी घ्यायचा नाही.

मी वाचत राहिलो. ती भांडी घासत होती.
मग हात पुसून मला मागे घेऊन गेली.
संरक्षक भिंतीच्या भेगेवर
इद्रिसने काचेची पट्टी बसवलीय, सिमेंटने, आडवी.
खाली खिळ्याने कोरलेली तारीख.
काच तडकली म्हणजे भिंत हलली.
वरून झरा येतो, त्याचं पाणी लाल झालं की थाळ्या वाजवायच्या.
आणि भर पावसात झरा अचानक थांबला तर?
तर थाळी शोधायची नाही, ती म्हणाली,
तेव्हा डोंगर पाणी पोटात धरतोय.
हे कुणी शिकवलं, मी विचारलं.
तिने घर सतराकडे बघितलं.
तिथे आता नुसता चौथरा आहे, त्यावर मिरच्या वाळत होत्या.

प्रशिक्षणात आम्हाला एक शब्द सारखा ऐकवायचे, लोकसहभाग.
मला वाटायचं, म्हणजे सभेला माणसं जमवणं.

कागद चांगला असतो तुमचा, ती म्हणाली,
जाड, आणि पाठकोरा.
यंदा दोन जास्तीचे द्या, नावं वाढलीत.
जास्तीचे नसतात. मोजून मिळतात.
मी दोन दिले.
वहीत लिहिलं, घर बंद, घर बंद.

सही करतेस का?
करते. आधी तुम्ही करा.
नव्या कागदाच्या पाठीवर तिने एक ओळ सोडलेली:
फोन कुणाला.
कंट्रोल रूम लागते कधी, कधी नाही लागत.
तुम्ही कन्नमवार नगरात राहता ना, जवळच.

माझ्या कामाच्या यादीत हे नाही.
कुठल्या कलमात बसतं, तेही सांगता आलं नसतं.
बायकोला रक्तदाब, रात्री फोन वाजला की ती दचकते.
मी लिहिला नंबर,
पण शेवटचा आकडा जरा असाच काढला,
एक म्हणा, नऊ म्हणा.

पाइपलाइनपर्यंत उतरलो.
डबा खाली ठेवला. खळ वाळत चालली होती.
बाकीची साठ दारं तिकडे, उजवीकडे.
मी परत वर चढलो.

शेवंता दारातच होती,
कागद गुडघ्यावर, पेन उघडं.
हा एक आहे का, तिने विचारलं.
नऊ, मी म्हटलं.
तिने पोटाचा गोल नीट गिरवला,
मग माझी वही ओढून घेतली
आणि सही केली, पूर्ण नाव,
रकान्याच्या बाहेर जाईल इतकं मोठं.